पाचवीचा हजेरीपट



दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चालकांनी मला पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपवली होती. आणि यंदा शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन शाळेबाहेर पडणारी पेडणे व डिचोली महालांतील मुलेमुली श्रोत्यांत असणार, हे कळल्यावर दुसरा कोणताही विषय मला योग्य वाटेना. शाळा सोडणारा वर्ग मागे वळून पाहतो तेव्हा काय पाहतो, आणि त्याने काय पाहावयास हवे, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

निरोप-समारंभातील भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि त्यांतील गहिवर खरा असतो याविषयी माझ्या मनात शंका नाही. पावसाळ्यात गळणारी कौले, प्रयोगशाळेतील वायूंचा उग्र वास, स्नेहसंमेलनातील दशावतारी प्रवेशात आईचे लुगडे नेसून केलेली भूमिका, गणिताच्या मास्तरांची छडी आणि त्याच मास्तरांनी दहावीच्या वर्षी एक पैसाही न घेता घेतलेले जादा तास, हे सारे सोळा वर्षांच्या मनात ज्या गोडीने साठते ती गोडी पुढे कोणत्याही महाविद्यालयात किंवा कचेरीत पुन्हा लाभत नाही. परंतु या आठवणींना एक मर्यादा आहे, आणि ती सांगणे हेच माझ्या आजच्या बोलण्याचे प्रयोजन आहे. त्या आठवणी जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या असतात. पाचवीच्या हजेरीपटावर जी नावे होती ती सगळी दहावीच्या निकालपत्रकात उतरत नाहीत. आणि जी मधल्या मध्ये गळाली त्यांच्या आठवणी निरोप-समारंभात कोणी सांगत नाही, कारण ती मुले त्या दिवशी सभागृहात नसतात. ती कोठे तरी रेतीच्या होडीवर, गॅरेजात, काजूच्या भट्टीवर किंवा घरच्या चुलीपाशी असतात. वर्गाने मागे वळून पाहावे ते या सर्वांना धरून पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

पेडणे-डिचोलीच्या बाबतीत हे म्हणणे विशेष आग्रहाने का मांडावे लागते, हे ध्यानात येण्यासाठी या मुलखाच्या पूर्वेतिहासात थोडे शिरले पाहिजे. तिसवाडी, बारदेश, सासष्टी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगीज अमलाखाली गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा मुलूख मात्र सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर १७८८ साली, पोर्तुगिजांकडे जाऊन नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, सामील झाला. येथील धर्माला आणि गावकीच्या रूढींना राज्यकर्त्यांनी फारसा धक्का लावला नाही, देवस्थानांचे हिशेब आणि घरोघरची खते मराठीत, बहुधा मोडी लिपीत, पूर्ववत चालू राहिली. परंतु सरकारी शाळा काही गावोगाव पोचली नाही. पणजीस लिसेव १८५४ मध्ये स्थापन झाले, आणि पुढे शंभर वर्षे माध्यमिक शिक्षणाची ती वाट राजधानीतील बिऱ्हाडाचा खर्च ज्यांना झेपे त्यांनाच काय ती खुली होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदू प्रजेला कायद्याने समान स्थान मिळाले. त्या सुमारास खाजगी मराठी शाळांची चळवळ गोव्यात जोर धरू लागली. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ ची; घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवण्याची कल्पना तिच्या नावातच साठवलेली आहे. खेड्यांत शाळा भरे ती देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर. मास्तर बहुधा वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण या बाजूचा. त्याचे वेतन अनिश्चित आणि जेवण वारांवर. या अनाम मास्तरांनी नव्या काबिजादीत मराठी अक्षर जिवंत ठेवले, हे त्यांचे उपकार मोठेच आहेत. तथापि अग्रशाळा ही देवळाची वास्तू होती, आणि तिची पायरी सर्वांना सारखी मोकळी नव्हती. कुळांची आणि मुंडकारांची मुले गुरांमागे जात. अस्पृश्य मानलेल्या वाड्यांवरच्या मुलांना तर ती पायरी दुरूनच पाहावी लागे. १९६१ च्या जनगणनेत गोव्यातील साक्षरांचे प्रमाण जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास भरले, यात म्हणूनच नवल वाटण्यासारखे काही नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर जाऊन पोचली, हे ऋण या दोन्ही महालांनी कधी नाकारलेले नाही आणि नाकारूही नये. पण माध्यमिक शाळांच्या श्रेयाचा हिशेब मांडताना आपण सर्व जमा एकाच खाती टाकतो, ते मला न्याय्य वाटत नाही. पेडण्याच्या हायस्कुलाला भगवतीचे नाव आहे, कोरगावच्या हायस्कुलाला कमळेश्वराचे, डिचोलीत शांतादुर्गेच्या नावाचे विद्यालय आहे. हरमलच्या संस्थेने तर ‘पंचक्रोशी’ हाच शब्द आपल्या नावात घेतला. ग्रामदैवताचे किंवा पंचक्रोशीचे नाव ज्या शाळेला लागते ती शाळा गावाने आपली मानलेली असते. कोणी जमिनीचा तुकडा दिला, कोणी चिरे वाहून आणले, कोणी लाकूड दिले, कोणी परगावच्या शिक्षकाला आपल्या घरात खोली दिली. यातल्या बहुतेकांना स्वतःला सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हते, काहींना तीही येत नव्हती. १९६४ च्या कूळ-वहिवाट कायद्याने कसणाऱ्याच्या पायाखालची जमीन थोडी स्थिर केली, आणि ज्या बापाला बेदखलीचे भय उरले नाही त्याने मुलगा शाळेत पाठवण्याचे धाडस केले. त्या शाळांतून जे पहिले वर्ग बाहेर पडले त्यांतील पुष्कळांच्या घराण्यात त्यांच्यापूर्वी कोणी शाळेची इमारतही आतून पाहिलेली नव्हती. असा वर्ग मागे वळून पाहतो तेव्हा त्याला केवळ आपले बालपण दिसत नाही. आपल्या घराण्याच्या इतिहासातील एक संबंध स्थित्यंतर त्याच्या पाच-सहा वर्षांत सामावलेले असते.

शिक्षकांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्यासपीठावरून आणखी एका नावाचा उच्चार करणे मी माझे कर्तव्य समजतो. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर जसे रक्त सांडले तसेच ते तेरेखोलच्या किल्ल्यावरही सांडले, आणि तेथे ज्यांनी देह ठेवला त्यांत हिरवे गुरुजी होते. पेडण्याच्या भूमीवर अशा रीतीने एका शिक्षकाचेही ऋण आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे पाचवीकडे, येतो. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल गोव्यात पाचवीत गेले की इंग्रजी माध्यमात जाते. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी वेगळे म्हणून पाहतही नाही. चौथीत जो मुलगा वर्गापुढे उभा राहून धडा खणखणीत वाचीत असे, शिवाजी महाराजांच्या गोष्टी न अडखळता सांगत असे, आणि पाढे तर झोपेतही म्हणत असे, तोच मुलगा जून महिन्यात नव्या शाळेच्या शेवटच्या बाकावर येऊन बसतो, आणि एकाएकी मुका होतो. पाऊस कसा पडतो हे त्याला ठाऊक असते. तरवा कधी काढावा, मृगाचे पाणी कोणत्या कुणग्यात आधी साचते, हे तर पुस्तक लिहिणारापेक्षाही त्याला अधिक ठाऊक असते. पण बाष्पीभवनाचे इंग्रजी नाव फळ्यावर येते तेव्हा पावसाशी त्या नावाचा काही संबंध आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. तो फळ्यावरील अक्षरांची चित्रासारखी नक्कल करतो. वही सुंदर दिसते, मास्तर तिच्यावर बरोबरची खूण करतात, आणि मुलाला त्यातले अवाक्षर कळलेले नसते. प्रामाणिक शिक्षक अशा वेळी दार लोटून घेऊन मराठीत समजावून सांगत, आणि अशा शिक्षकांच्या जोरावरच या महालांतील पहिल्या पिढीने शालान्त परीक्षेचा डोंगर चढला, हे मी साक्षीदाराच्या नात्याने सांगतो. मातृभाषेत प्राथमिक शिक्षण देण्याच्या धोरणाचा मी पक्षपाती आहे. श्रीमती शशिकला काकोडकरांनी शिक्षणमंत्री असताना १९९० साली सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांपुरते ठेवण्याचा निर्णय घेतला, तो मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. दोष चौथीपर्यंतच्या मराठीकडे जात नाही. पाचवीच्या पहिल्या दिवशी कोणतीही पूर्वतयारी न करता मुलाच्या पायाखालची भाषा काढून घेतली जाते, दोष त्या घाईचा आहे. आणि त्या घाईची किंमत ज्यांच्या घरी अभ्यास सांगणारे कोणी नव्हते त्यांनीच मोजली.

ही किंमत कोठे नोंदलेली आहे, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर प्रत्येक शाळेच्या दप्तरात आहे. जनरल रजिस्टर नावाची जी जाडजूड, लांबरुंद, कापडी बांधणीची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, ती आपण सारे दाखला काढायच्या वेळीच काय ती उघडतो. तिच्या एकाच ओळीत एका मुलाचे सारे शालेय आयुष्य मांडलेले असते: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, मागील शाळा, प्रवेशाचा दिवस, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस, आणि अखेरीस शाळा सोडल्याचे कारण. जुन्या रजिस्टरांत एकाच आडनावाची कितीतरी रूपे भेटतात, कारण जन्मनोंद पोर्तुगीज वळणाची आणि शाळेतील नोंद मराठी वळणाची. या दोन वळणांचा मेळ घालण्यासाठी पुढे कित्येकांना कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. परंतु माझी दृष्टी खिळते ती शेवटच्या रकान्यावर. ‘शालान्त परीक्षा उत्तीर्ण’ असे जेथे लिहिले आहे ती ओळ निरोप-समारंभापर्यंत पोचली. जेथे ‘पालकाच्या विनंतीवरून’ किंवा ‘दीर्घकाळ गैरहजर’ एवढेच लिहिले आहे तेथे काय घडले, ते रजिस्टर सांगत नाही; ते गाव सांगतो. आषाढात लावणीला हात कमी पडले आणि थोरल्याला घरी ठेवले. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर, काजूची पावणी, म्हणजे लिलावातला मक्ता, घेतलेल्या बापाला बिया वेचण्यासाठी पोरांची गरज पडली. वाळवंटी नदीला पूर आला, आणि आठवडाभर बुडालेली हजेरी पुन्हा भरून निघालीच नाही. आठवीत दोनदा नापास झाला आणि लाजेने आला नाही. या सर्वांना आपण ‘गळती’ असे एकच नाव देतो आणि पुढे जातो. पण त्यांतील प्रत्येक जण कोणा तरी उत्तीर्ण विद्यार्थ्याचा बाकावरचा सोबती होता, आणि त्याच्याबरोबर चिंच-मीठ वाटून खाल्लेले होते.

मुलींची कथा याहून कठोर आहे. डिचोली मतदारसंघाने निवडून दिलेल्या श्रीमती काकोडकर १९७३ साली मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्या काळात या महालांतील कितीतरी मुलींनी त्यांच्याकडे पाहून शाळेचा हट्ट धरला, आणि कितीतरी बापांनी तो मानला. तरीही सातवीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या मुलींची संख्या लहान नव्हती. आजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांत सन्मानाने बसणाऱ्या अनेक पुरुषांच्या गुणपत्रिकांमागे थोरल्या बहिणीने अर्धवट सोडलेली शाळा उभी आहे, आणि ही गोष्ट मेळाव्यातील भाषणांत मी क्वचितच ऐकली आहे.

प्रत्येक वर्गाचे एक वर्ष असते, आणि त्या वर्षाची मोठी घटना वर्गात न सांगता शिरते. १९६७ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेस बसलेल्या मुलांच्या आठवणी ऐकाव्यात. १६ जानेवारीला जनमत कौल झाला होता. महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी फूल आणि संघप्रदेशाची निशाणी दोन पाने. पेडणे आणि डिचोली या महालांनी फुलाला कौल दिला, पण संबंध गोव्याचा निर्णय १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी उलट लागला. ज्यांना मताचा अधिकार नव्हता ती मुले महिनोनमहिने घोषणा देत रस्त्यांवरून फिरली होती, आणि निकालानंतर काही आठवड्यांतच त्यांना पुण्याच्या मंडळाच्या परीक्षेस बसायचे होते; कारण गोव्याचे स्वतःचे परीक्षा मंडळ स्थापन झाले ते २७ मे १९७५ रोजी. विलीनीकरण योग्य की अयोग्य, या वादात मी आज शिरत नाही. परंतु पराभव पचवून अभ्यासाला बसण्याचा धडा त्या वर्गाने ज्या वयात घेतला ते वय लक्षात घेतले म्हणजे त्यांच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. पुढे १९७८-७९ मध्ये बसच्या अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. ज्या मुलाची शाळा दारात आहे त्याला हा लढा क्षुल्लक वाटेल. पण खेड्यापाड्यांतून रोज तालुक्याच्या गावी येणाऱ्या मुलाचे शिक्षण त्या अर्ध्या तिकिटावर अवलंबून होते. कदंब परिवहन महामंडळ १९८० मध्ये निघाले. शाळेची घंटा आणि बसची वेळ यांचा मेळ ज्या गावांत बसला तेथील मुले टिकली. बसला नाही तेथील पुष्कळशी सुटली.

अलीकडच्या वर्गांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्या आठवणी सांगणारे ते स्वतः येथे हजर आहेत. डिचोली महालात २०१५ साली दहावी झालेला वर्ग आठवीत असताना, सप्टेंबर २०१२ मध्ये, खाणी बंद झाल्या. ज्या रस्त्यांवरून खनिजाच्या ट्रकांची रांग संपत नसे आणि ज्यांच्या कडेची झाडे बारा महिने तांबडी असत ते रस्ते एकदम मोकळे झाले. पोरांना सायकल चालवायला रस्ता मिळाला आणि त्यांच्या बापांच्या दारात कर्जाचे ट्रक उभे राहिले. खाणीने शिरगाव, पाळी, वेळगे, मयें या गावांच्या शेतांचे आणि झऱ्यांचे काय केले, हे त्या मुलांना ठाऊक होते. घरचा हप्ता थकला म्हणजे काय होते, हेही त्यांना त्याच वर्षी कळले. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. पेडण्यातील २०२३ च्या वर्गाने मोप्याच्या पठारावरील नव्या विमानतळाचे पहिले प्रवासी विमान ५ जानेवारीला, म्हणजे परीक्षेच्या ऐन वर्षात, पाहिले. त्यांतील काहींच्या आजोबांची गुरे त्याच पठारावर चरत होती. आणि २०२१ च्या वर्गाला करोनाच्या साथीमुळे मंडळाची परीक्षाच द्यावी लागली नाही. त्या वर्गाला पुष्कळांनी नशीबवान म्हटले. मला ते पटत नाही. मोबाइल ज्या घरात एकच होता आणि भावंडे तीन, त्या घरातील मुलाने त्या वर्षी काय गमावले याची मोजदाद कोणत्याही गुणपत्रिकेत झालेली नाही. गळालेल्यांची नवी पिढी तेथेच तयार झाली, आणि तिच्याकडे आपण आताच लक्ष दिले नाही तर तीही त्या शेवटच्या रकान्यात जाऊन बसेल.

गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ सालचे आहे. व्हाइसरॉयांची पत्रे, तह, जमाबंदीची दप्तरे तेथे चार शतकांहून अधिक काळ जपली गेली आहेत. आपल्या शाळांच्या दप्तरांना मात्र वाळवी लागते आहे. पटसंख्येअभावी मराठी प्राथमिक शाळा बंद होत आहेत. शाळा बंद पडली की तिचे कपाट दुसऱ्या शाळेत जाते, आणि तेथे जागा नसली की ते व्हरांड्यात येते. पेडणे-डिचोलीत कष्टकरी समाज अक्षरापर्यंत कसा पोचला, याचा याहून विश्वसनीय पुरावा दुसरा नाही, आणि तो आपण पावसात ठेवीत आहोत. मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्गांतील मंडळी आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या तोंडून जे ऐकायचे ते ऐकायला फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून माझी मागणी दोन प्रकारची आहे. मुख्याध्यापकांनी आणि संस्थाचालकांनी आपापली जुनी रजिस्टरे कोरड्या जागी, कुलुपात ठेवावीत आणि त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात. हे काम खर्चाचे नाही, मनावर घेण्याचे आहे. आणि शाळा सोडून निघालेल्या मुलामुलींनो, तुमचा वर्ग पाच वर्षांनी म्हणा, पंचवीस वर्षांनी म्हणा, मेळावा भरवील तेव्हा निमंत्रणांची यादी दहावीच्या निकालावरून करू नका. शाळेत जा, पाचवीचा हजेरीपट मागून घ्या, आणि त्यावरील प्रत्येक नावाच्या घरी स्वतः जाऊन बोलावणे करा. जे सातवीत गळाले, जी आठवीत घरी बसली, जो दोनदा नापास होऊन पुन्हा आला नाही, त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवा आणि आधी त्यांना बोलू द्या. ते जे सांगतील ते मराठीत, त्यांच्याच शब्दांत, तारीखवार लिहून शाळेच्या दप्तरी दाखल करा.